ग्रीन हळू झालंय? रोलरआधी थॅच बघा

प्रश्न आलाय की इंग्लंडमधल्या क्लबचं बोल्स ग्रीन (जड चेंडू, म्हणजे 'बोल', घरंगळवत खेळायच्या खेळाची सपाट हिरवळ) हळू झालंय, बोल लवकर थांबतो, तर रोलर जास्त फिरवायचा का. माझं मत: आधी रोलर नकोच. 10 सेंमी खोल मातीचा एक गाभा काढून बघा. हिरव्या पात्यांखाली मेलेल्या देठा-मुळांचा तपकिरी, ओलसर थर दिसेल. हाच थॅच. तो सेंटिमीटरच्या वर गेला की पृष्ठभाग बोलखाली दबतो आणि वेग तिथेच संपतो. रोलरने खालची माती घट्ट होते, हवा जात नाही, थॅच कुजवणारे सूक्ष्मजीव मंदावतात आणि थर आणखी वाढतो.

खरं काम सप्टेंबरातलं. हंगाम संपताच, जमीन उबदार असतानाच, स्कॅरिफायर (थॅच खरवडून काढणारं यंत्र) दोन दिशांनी फिरवा. मग पोकळ दात्यांनी 8-10 सेंमी भोकं पाडून गाभे उचला, बेंट-फेस्क्यू या बारीक पात्यांच्या गवतांचं बी चौरस मीटरला साधारण 35 ग्रॅम पेरा आणि वर 3 किलोच्या आसपास टॉपड्रेसिंग (वाळू-मातीच्या मिश्रणाचा पातळ थर) द्या. हे मिश्रण मूळ मातीशी जुळणारंच हवं. दरवर्षी वेगळं टाकलं की आत पापुद्रे पडतात आणि मुळं तिथेच अडतात. ही चूक निस्तरायला वर्षं जातात.

उन्हाळ्यात कापणी 5 मिमीवर ठेवा. वेगाच्या मोहाने 3 वर आणलीत तर गवत अशक्त होऊन शेवाळ घुसतं.

वेग मोजताना एक लक्षात ठेवा: बोलला 27 मीटरवर जाऊन थांबायला जितके जास्त सेकंद, तितकं ग्रीन वेगवान, कारण वेगवान ग्रीनवर बोल हळुवार सोडला तरी तिथवर पोचतो. इंग्लंडमध्ये 12 सेकंद मिळाले तरी उत्तम.