सियामी बोका काळवंडतोय, आजार असेल काय?

खानापूरकर:
बहिणीकडनं आणला तेव्हा सायीसारखा होता. दोन पावसाळे झाले. कान, तोंड, शेपटी काळी हायतच, आता पाठ पण मळकट दिसालीय. आई म्हणते, चुलीजवळ झोपून काजळी लागली. दोनदा अंघोळ घातली. मला ओरबाडलं, रंग तसाच.

शहापूरची मावशी:
अहो, धुऊ नका बिचाऱ्याला! या जातीत रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) अंगाच्या गार जागीच काम करतं. पिल्लू आईच्या पोटात उबेत असतं म्हणून पांढरं जन्मतं; मग कान, पंजे, शेपटी ही गार टोकं आधी काळी पडतात. वयानं पाठही गडद होते. आमच्या मनीचं ऑपरेशनला पोट भादरलं, तिथं नवे केस काळपट आले. चुलीजवळ उलट उजळच राहील, आईंना सांगा. डोळे निळेच ना?

खानापूरकर:
निळेच, जरा तिरळे. पण बोलतो किती! पहाटे पाचला तान्ह्या पोरासारखा रडतो. शेजारीण विचारत होती, घरात बाळंतीण आलीय काय?

निपाणीचा बंड्या:
खच्ची केलाय काय? नसेल तर करा, आरडाओरडा थोडा कमी होईल. बाकीचा जन्माचा. सियामीला माणूस लागतं, एकटं सोडलं की बोंब.