बाहियाच्या ढोलांत रेगे किती आणि ओरिशा किती?

उत्तरा (धागाकर्ती):

ब्राझीलमधील रेगेचा, म्हणजे जमैकात जन्मलेल्या संगीतप्रकाराचा, विषय निघाला की बहुधा एकच हकीगत सांगितली जाते. जमैकन रेगे गायक बॉब मार्लीची गाणी बाहिया राज्यात पोचली, तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांना स्वतःची ओळख सापडली आणि त्यातून साम्बा-रेगे हा ढोलांचा संगीतप्रकार जन्माला आला, अशी ती हकीगत. मला हा क्रमच उलटा वाटतो. बाहियाची राजधानी साल्वादोर या शहरातील कृष्णवर्णीयांची अस्मिता कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्माच्या उपासनेत आधीच घडलेली होती. रेगे तिच्या दारी नंतर आला.

गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा, फोन आणि बांटू लोकांनी आपापल्या दैवतांची उपासना जिवाच्या कराराने टिकवली, तिच्यातून कांदोंब्ले उभे राहिले. त्याच्या दैवतांना ओरिशा आणि देवस्थानांना तेरेइरो म्हणतात. 'इले आये' हे पहिले आफ्रो पथक, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारे कृष्णवर्णीयांचे पथक, १९७४ साली लिबेरदादे भागातील कुरुझूच्या चढावर स्थापन झाले, आणि संस्थापक वोव्हो यांच्या मातोश्री मांय इल्दा जितोलू या तिथल्याच एका तेरेइरोच्या प्रमुख होत्या. आजही कार्निव्हलच्या शनिवारी रात्री पथक निघण्यापूर्वी तेरेइरोच्या दारात पांढरी कबुतरे सोडतात आणि जमलेल्या लोकांवर मक्याच्या लाह्या उधळतात. लाह्या हा ओबालुआये या रोग आणि आरोग्याच्या ओरिशाचा नैवेद्य आहे. या विधीनंतरच ढोल उताराला लागतात.

त्या काळी देशात लष्करी राजवट होती आणि बाहियातील तेरेइरोंना पोलिसांकडे नोंद करावी लागत असे. ही अट १९७६ मध्ये उठली. म्हणजे जी उपासना अजून पोलिसांच्या वहीत होती, तिच्या अंगणातून हे पथक रस्त्यावर उतरले. एवढे धैर्य ज्या श्रद्धेने दिले तिला बाजूला सारून सगळे श्रेय जमैकाला देणे मला अन्यायाचे वाटते.

दर्यावर्दी:

उत्तराताई, विधीचे वर्णन चोख आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कांदोंब्ले ही दीक्षेची परंपरा आहे. तिच्यात पुष्कळ गोष्टी दीक्षा न घेतलेल्यांपासून राखून ठेवलेल्या असतात. रस्त्यावर उतरून 'आम्ही काळे आहोत आणि सुंदर आहोत' असे सगळ्या शहराला ऐकवण्याची भाषा त्या तरुणांना बाहेरून मिळाली. लिबेरदादेची पोरे तेव्हा अमेरिकन सोल संगीत ऐकत होती आणि केस आफ्रो पद्धतीने वाढवत होती. संस्थापकांच्या मनात पथकाचे नाव 'पोदेर नेग्रो', म्हणजे ब्लॅक पॉवर, असे ठेवायचे होते. पोलिसी धाकामुळे ते मागे पडले. १९७५ च्या पहिल्या मिरवणुकीनंतर साल्वादोरच्या एका मोठ्या वृत्तपत्राने पथकालाच वंशवादी ठरवले, कारण त्यात फक्त कृष्णवर्णीयांना प्रवेश होता. हा झगडा राजकीय होता आणि त्याची शिदोरी आंतरराष्ट्रीय होती.

पुढे १९७९ मध्ये ब्राझिलियन गायक जिल्बेर्तो जिल यांनी मार्लीच्या गाण्याचे पोर्तुगीज रूप गायले, तेव्हा देशात राजकीय कैद्यांच्या माफीची मागणी पेटलेली होती आणि लोकांनी ते गाणे त्याच अर्थाने उचलले. १९८१ मध्ये, मार्ली गेला त्याच वर्षी, 'मुझेंझा' हे पथक उभे राहिले आणि त्याने रेगेलाच आपले निशाण केले. हे सारे दारी आलेल्या पाहुण्याचे काम म्हणता येणार नाही.

ढोलकीवाला:

दोघेही गीतांच्या आशयावर वाद घालत आहेत, म्हणून वाद्यांकडे लक्ष वेधतो. साम्बा-रेगेचा ठेका १९८० च्या दशकात 'ओलोदुम' पथकात नेगिन्यो दो साम्बा यांनी बसवला, आणि ते त्याआधी इले आयेमध्ये होते. वेगवेगळ्या स्वरांचे मोठे सुरदो ढोल एकमेकांच्या मोकळ्या जागा भरत चालतात. रेगेत गिटार मात्रेच्या मध्यावर जो उचलून झटका देते, तो इथे रेपिनिके हे लहान ढोल देतात, आणि ते दोन बारीक, लवचिक काड्यांनी वाजवले जातात. कांदोंब्लेच्या केतू परंपरेत रुंपी आणि ले हे अताबाके ढोलही अशाच बारीक काड्यांनी वाजतात. कानाला ऐकू येते ते जमैका. हाताची सवय मात्र तेरेइरोची आहे. त्यामुळे ओळख आधी कोठून आली हा प्रश्न निदान या ठेक्यापुरता सोडवता येईल असे मला वाटत नाही. १९८७ साली इजिप्तच्या फेरोंवरील गाणे घेऊन ओलोदुमने कार्निव्हल गाजवला, तेव्हा त्यात ना ओरिशा होते ना रास्ताफारी हा रेगेशी जोडलेला जमैकन धर्म, आणि तरीही ते गाणे सारे शहर गात होते.

उत्तरा:

ढोलकीवाला, काड्यांचा मुद्दा मी माझ्या बाजूचा धरते, कारण हाताची सवय ही उपासनेतच लागते.

दर्यावर्दी, तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. रेगेसोबत जो धर्म आला तो बाहियाने का स्वीकारला नाही? रास्ताफारी बायबलच्या आधाराने चालते आणि इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासी याला देवत्व देते. साल्वादोरच्या तरुणांनी लाल, पिवळा, हिरवा हे रंग घेतले, जटा घेतल्या, ठेका घेतला. सम्राटाला मात्र फारसे कोणी देव मानले नाही, कारण देवघर रिकामे नव्हते. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, मांय स्तेला दे ओशोस्सी आणि इतर काही ज्येष्ठ इयालोरिशांनी, म्हणजे तेरेइरोंच्या प्रमुख पुजारिणींनी, जाहीर केले की ओरिशांना कॅथलिक संतांच्या नावाआड लपवण्याची आता गरज उरलेली नाही. त्या सर्व स्त्रिया होत्या. ज्या परंपरेत स्त्रिया असा निर्णय जाहीरपणे घेतात, तिला राजकीय भाषा नव्हती असे कसे म्हणता येईल?

मांडवीकर:

उत्तराताई, स्त्रियांच्या अधिकाराचा मुद्दा सरसकट लावू नये. 'फिल्योस दे गांधी' हे अफोशे, म्हणजे कांदोंब्लेशी जोडलेले कार्निव्हल पथक, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी फेब्रुवारी १९४९ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, स्थापन केले. ते कांदोंब्लेच्या इजेशा तालावर चालते, मिरवणुकीपूर्वी एशू या ओरिशाला नैवेद्य दाखवते, आणि तरी मिरवणुकीत फक्त पुरुष असतात. डोक्यावर पांढरा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा आणि नाव पोरबंदरच्या माणसाचे.

मला या पथकाबद्दल विशेष आत्मीयता वाटते, कारण आपल्याकडे गांधींवर इतके लिहिले जाते आणि अटलांटिकपलीकडच्या या हमालांची आठवण क्वचितच निघते. पोलीस ज्यांच्या ढोलांवर धाडी घालत आले होते, त्या कामगारांनी शांततेच्या या नावाआड आपले ओरिशा भररस्त्यावर आणले. रेगेच्या तीस वर्षे आधी बाहियाने परका पोशाख अंगावर घालून आपले दैवत मिरवले होते. उसनवारी ही तिथल्या कृष्णवर्णीय संस्कृतीची जुनी युक्ती आहे, तेव्हा अस्सल कोण आणि उसने कोण हा हिशोब मला फार महत्त्वाचा वाटत नाही.

सागरिका:

आपण सगळे साल्वादोरमध्ये अडकलो आहोत. उत्तरेकडील मारान्याओ राज्याच्या साओ लुईस शहराला 'ब्राझीलचे जमैका' म्हणतात, आणि तिथे उत्तराताईंचा सिद्धांत टिकत नाही. तिथे 'तांबोर दे मिना' हा कांदोंब्लेचा जवळचा नातलग असलेला ढोलांचा धर्म आहे. रेगे मात्र त्याच्या अंगणातून आला नाही. १९७० च्या दशकापासून तो 'रादिओला' नावाच्या, भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांच्या ताफ्यांतून वस्त्यांमध्ये पसरला. डीजे आपल्याकडची दुर्मीळ तबकडी प्रतिस्पर्ध्याला ओळखता येऊ नये म्हणून तिच्यावरचे लेबल खरवडून टाकत. इंग्रजी शब्द कळत नसत, म्हणून लोक गाण्यांना 'मेलो' म्हणत आणि आपल्या मनाने नावे देत. लोक तिथे जोडीने, एकमेकांना बिलगून नाचतात.

म्हणजे ना ओरिशा, ना रास्ता, ना घोषणा. तरीही बंदोबस्ताच्या नावाखाली पोलीस छळ करत राहिले तो याच कृष्णवर्णीय, गरीब वस्त्यांच्या नाचघरांचा, आणि २०१८ पासून त्याच शहराच्या जुन्या भागात रेगेचे सार्वजनिक संग्रहालय आहे. अस्मिता श्रद्धेशिवायही उभी राहते, याला यापेक्षा ठळक पुरावा मला माहीत नाही.

उत्तरा:

सागरिका, साओ लुईसचा दाखला वजनदार आहे, परंतु माझे विधान बाहियापुरते होते आणि तिथे ते मी कायम ठेवते. डिसेंबर २०२४ मध्ये साल्वादोरच्याच एका मंचावर एका प्रसिद्ध गायिकेने गाण्यातील इमांजा या ओरिशाचे नाव काढून तिथे येशूचे नाव घातले. हिची कारकीर्द आफ्रो पथकांच्या ठेक्यावर पोसलेल्या 'आशे' संगीतावर उभी आहे. बाहियाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. ठेका ठेवायचा आणि दैवत पुसायचे, ही वाट उघडी पडली आहे, म्हणून मी श्रद्धेवर इतका जोर देते.

दर्यावर्दी:

त्या गायिकेबद्दलचा तुमचा संताप मलाही वाटतो. पण २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये कांदोंब्ले आणि त्याच्याशी नाते असलेला उंबांदा हा धर्म मिळून अनुयायी जेमतेम १ टक्का भरले, आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती सुमारे २७ टक्के. त्या २७ टक्क्यांत कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय फार मोठ्या संख्येने आहेत. ओरिशा हीच ओळख असे तुम्ही ठरवलेत, तर चर्चमध्ये जाणाऱ्या आणि रस्त्यात पोलिसांकडून रंगामुळेच अडवल्या जाणाऱ्या मुलाला तुम्ही काय सांगाल?

बाहियातील काशोएरा हे लहानसे गाव पाहा. तिथे 'बोआ मोर्ते' या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या भगिनीसंघाची मिरवणूक दर ऑगस्टमध्ये मरियेच्या नावाने निघते, आणि त्या स्त्रिया कांदोंब्लेच्याही असतात. १९८८ मध्ये 'रेगे रेसिस्तेंसिया' हा पहिला अल्बम काढणारे एदसन गोमेस त्याच गावचे. वरच्या त्या मुलाला ज्या गाण्यांतून आपली व्यथा ऐकू येते, ती गोमेस यांची आहेत, आणि ती ऐकण्यासाठी त्याला कोणत्याही दैवताची परवानगी लागत नाही.