विधेयकावर घरबसल्या हरकत पाठवून काय साधते?

नौपाडाकर: काल इथे कोणीतरी लिहिले की, विधेयकावर ई-मेलने हरकत पाठवणे हे केवळ मनाचे समाधान आहे आणि खरी तळमळ असणाऱ्याने सुट्टी काढून विधानभवन गाठावे. हे वाचून राहवले नाही. ठाण्याहून सीएसएमटी ३४ किलोमीटर, आणि हिवाळी अधिवेशन तर नागपूरला. माझी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली असल्याने बेकायदा कृत्ये करणाऱ्या संघटनांवर बंदीची तरतूद असलेल्या राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावरची हरकत मी रात्री तिच्या उशाशी बसून लिहिली. विधेयक तपासणाऱ्या विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे आलेल्या बारा हजारांहून अधिक सूचना पाठवणाऱ्यांना तळमळ नव्हती काय?

ऐरोलीकर: ते लिहिणारा मीच. समितीने मोजके बदल सुचवले आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. तुमची हरकत कोणी वाचली आणि का फेटाळली, हे तुम्हाला कोणी कळवले का?

नौपाडाकर: नाही कळवले. पण या कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला, हा बदल तुम्हाला क्षुल्लक वाटतो?

कोपरीकर: दोघेही मूळ अडचण सोडून भांडत आहात. माझ्या वडिलांनी मसुद्याची छापील प्रत काढून आणली आणि 'ज्याअर्थी' पासून 'त्याअर्थी' पर्यंतचे एकच वाक्य पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचले. चाळीस वर्षे कारखान्यात हिशेब लिहिलेला माणूस शेवटी प्रत घडी करून म्हणाला, "हे आपल्यासाठी लिहिलेले नाही." मराठी मसुदा मराठी माणसालाच कळत नसेल, तर तो हरकत कशावर घेणार?

ऐरोलीकर: कायद्याची भाषा काटेकोर असावीच लागते. सोपी केली की पळवाटा निघतात.

कोपरीकर: मग सोबत सोप्या मराठीत कलमवार टिपण द्या! माझ्या वडिलांना अडाणी ठरवू नका.

ऐरोलीकर: तसे म्हणायचे नव्हते, शब्द लागला असेल तर मागे घेतो.

वाशीकर: केंद्राच्या २०१४ च्या धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याबरोबरच सोप्या भाषेतील स्पष्टीकरणही अपेक्षित आहे, परंतु ते केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे. माझी भाची अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात राहते. तिथे सुनावणीच्या किमान तासभर आधी नाव नोंदवले की नागरिक घरूनच विधिमंडळ समितीपुढे बोलू शकतो.

ऐरोलीकर: समिती समोर बसून ऐकणार असेल तर घरून बोलण्याला माझा विरोध नाही, एवढे मान्य करतो. पुढच्या विधेयकावर मीही ई-मेल पाठवीन. मात्र त्यात पोच मागीन, आणि ती आली नाही तर तारखेसह इथे लिहीन.