पॅलेटच्या फळ्यांतून बाथरूमचं शेल्फ: लाकूड, पॉलिश, भिंत याबद्दल सल्ला हवा

पनवेलकरीण
तळोजा एमआयडीसीतल्या एका गोदामातून तीन पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) मिळाले आहेत. त्यांतून तीन कप्प्यांचं शेल्फ करायचंय, ६० सेंमी रुंद आणि १३ सेंमी खोल. बाथरूम ४ × ७ फूट, आपलं नेहमीचं: बादली, तांब्या, शॉवर, म्हणजे शिंतोडे सगळीकडे. भिंतीला छतापर्यंत टाइल्स. दोन पॅलेटवर ‘एचटी’ शिक्का आहे. तिसऱ्यावर शिक्का नाही आणि मधोमध काळपट तेलकट डाग आहे. तो वापरावा का? आणि पॉलिश कुठलं? जाणकारांनी सांगावं.

भुसा
डागाचा पॅलेट बाद. शिक्का नसणं हा दोष नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला तो लागतच नाही. पण डाग कशाचा ते कळायला मार्ग नाही आणि रंध्याने तो जात नाही, आत मुरलेला असतो. बंबातही घालू नका.

‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. त्यात त्या वेळची कीड मरते, इतकंच. पुढे वाळवी लागणार नाही किंवा पाणी चालेल असा त्याचा अर्थ नाही. ‘एमबी’ दिसलं तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, घरात आणू नका.

आता सुटं करणं. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात. पहार घालून उचकटलंत तर खिळा जागचा हलत नाही, फळी चिरते. त्यापेक्षा खिळ्यांच्या नादी लागूच नका: खालच्या जाड रनरला (फळ्या ज्यावर ठोकलेल्या असतात त्या दांड्याला) लागून फळी सरळ करवतीने कापा. फळी १२०० मिमीची आणि रनर तीन असले तर दोन रनरमध्ये साधारण ५३ सेंमीचा बिनखिळ्याचा तुकडा मिळतो. म्हणून शेल्फ ६० ऐवजी ५० सेंमीचं करा, निम्मं काम वाचेल. ६०चाच हट्ट असेल तर फळी आणि रनरच्या फटीत हॅकसॉ ब्लेड घालून खिळे कापा आणि उरलेली डोकी मागून पंचने ठोकून काढा. रंधा मारण्याआधी फळीवर लोहचुंबक फिरवा. तुटका खिळा राहिला तर रंध्याचं पातं गेलंच.

टिंबरगल्ली
भुसा यांना +१. भर: लाकूड कुठलं ते बघा. फिकट, राळेचा वास येणारं असेल तर पाइन. आपल्याकडच्या पॅलेटमध्ये आंबा, सिल्व्हर ओक असलं मिसळीचं लाकूड बरंच असतं आणि आंब्याला भुंगा फार लवकर लागतो. टाचणीएवढी भोकं आणि ठोकल्यावर पिठासारखी भुकटी पडली तर ती फळी बाजूला. बाकीच्यांना १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून ब्रशने दोन हात द्या, हातमोजे घालून. हे मीठ पाण्याने धुऊन जातं, म्हणून वर पॉलिश हवंच.

चौथामजला
एवढं कशाला? मेलामाइन पॉलिशचे दोन कोट मारा, स्वस्तात काम. आणि खडबडीतच ठेवा, पॅलेटचा लूक येतो.

टिंबरगल्ली
हॉलमध्ये चालेल. बाथरूममध्ये मेलामाइन सतत ओलं राहून पापुद्रे धरतं, लाखेचं पॉलिश तर पांढरं पडतं. कच्चं जवसाचं तेलही नको, त्यावर बुरशी वाढते. दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) घ्या, प्रमाण डब्यावर असतं तेच पाळा. पहिला कोट थिनरने पातळ, मग दोन नेहमीचे, मध्ये ३२० नंबर सँडपेपर. फळीच्या कापलेल्या टोकांना पाच कोट. पाणी तिथूनच आत शिरतं. सगळे तुकडे जोडण्याआधी रंगवा, स्क्रूची भोकंसुद्धा. वापर आठवड्याने.

खडबडीत ठेवलं तर तंतूंत साबण बसतो आणि काळा होतो. ८०, १२०, १८० नंबर पेपर मारा, बस. त्याहून गुळगुळीत करून उपयोग नाही.

ओलीभिंत
पॉलिशवर इतकी चर्चा, पण लाकूड कुजतं ते पाणी साचून. रचनाच अशी करा की पाणी थांबणार नाही. प्रत्येक कप्प्याला अखंड फळी नको. ६० मिमीच्या दोन पट्ट्या, मध्ये ८ मिमी फट. तुमची १३ सेंमी खोली बरोबर जमते. बाटल्या घसरू नयेत म्हणून पुढे पट्टी लावाल ती कप्प्याच्या ५ मिमी वर उचलून, नाहीतर तिच्यामागे तळं होतं.

बाजूच्या फळीतून थेट पट्टीच्या टोकात स्क्रू मारू नका, टोकात पकड नसते. बाजूला आतून २० × २० मिमीची रीप लावा, पट्टी तिच्यावर ठेवा आणि खालून ३० मिमीचा स्क्रू. आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर रीप फाटेल. स्क्रू स्टेनलेसचेच, लोखंडी गंजतात आणि भोवती काळे ओघळ येतात.

पनवेलकरीण
खूप आभार. भिंतीचं सांगा ना. आणि आत्ता जुलैत काम करावं का?

ओलीभिंत
शेल्फ भिंतीला धरणाऱ्या मागच्या आडव्या पट्टीआड १० मिमीचे नायलॉन वॉशर ठेवा, म्हणजे हवा खेळते. हिशेब मिमीत: पट्टी १८, वॉशर १०, टाइल ८, टाइलखालचा सिमेंटचा माल १५, विटेत निदान ३५ ते ४०. म्हणजे ९० मिमी लांब स्क्रू आणि ८ मिमीचा प्लग. प्लग टाइलच्या पार मागे विटेत गेला पाहिजे. टाइलमध्येच राहिला तर स्क्रू आवळताना फुगतो आणि टाइलला तडा जातो.

टाइलवर मास्किंग टेप, ड्रिलचा हॅमर बंद, टाइलचं बिट, सावकाश. व्हिट्रिफाइड असेल तर डायमंड बिट आणि पाणी. टाइल पार झाली की मग हॅमर. भिंत सिपोरेक्सची (हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची) असेल तर हॅमर अजिबात नको, त्यासाठीचे लांब प्लग वेगळे मिळतात. भोकात सिलिकॉन भरून मगच स्क्रू. नळ, शॉवर, गीझर यांच्या सरळ रेषेत वर-खाली आणि आडवं १५ सेंमी सोडा, पाइप तिथूनच गेलेले असतात.

टिंबरगल्ली
जुलैत कापाकापी, बोरॅक्स उरका. फळ्यांमध्ये काड्या घालून पंख्याखाली रचा आणि एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर दोन दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की तयार. पीयू मात्र दमट हवेत फुगे धरतं. दसऱ्याच्या सुमारास ऊन पडलं की दुपारी मारा.

पनवेलकरीण
भिंत विटांची निघाली. पण ठोकून पाहिलं तर दोन टाइल्सखाली पोकळ आवाज येतोय.

ओलीभिंत
त्या दोन सोडा. मागे आधार नसला की बिट टेकताच चिरतात. शेल्फ शेजारी सरकवा.