शब्दचर्चा: 'अतिरेकी', 'दहशतवादी' आणि कायदा

प्रश्न: एकाच बातमीत मथळ्यात 'अतिरेकी' आणि खाली 'दहशतवादी' असतं. कायद्याच्या दृष्टीने फरक आहे का?

उत्तर: आहे. 'अतिरेकी' म्हणजे टोकाला गेलेला, आणि नुसतं टोकाचं मत बाळगणं हा गुन्हा नाही. यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या, कलम १५ मध्ये व्याख्या आहे ती 'दहशतवादी कृत्या'ची. बॉम्ब, बंदुका, विषारी वायू अशी साधनं मोजून शेवटी 'अन्य कोणत्याही साधनाने' असंही जोडलंय. देशाची एकता किंवा सुरक्षा धोक्यात आणण्याचा किंवा लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू हवा, नाहीतर तसं घडण्याचा संभव तरी हवा. सगळी मेख या 'संभव'मध्ये आहे. हेतू शाबीत करणं अवघड, संभव दाखवणं त्या मानाने सोपं. आणि हे कलम लागलं की जामीन मिळणं महाकठीण.

टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात, १९९४ साली, हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की दहशतवादी हा गुन्हेगार असेल, पण म्हणून प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवादी ठरवता येणार नाही. यूएपीएच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर खटला न चालवताही केंद्र सरकार एखाद्या व्यक्तीला 'दहशतवादी' म्हणून जाहीर करू शकतं. एवढा जड शब्द नुसत्या अटकेच्या बातमीत वापरू नये. 'दहशतवादी कृत्याचा आरोप असलेला' असं लिहावं, लांबलं तरी चालेल.

प्रश्न: आणि संयुक्त राष्ट्रांची व्याख्या?

उत्तर: सर्वांना मान्य अशी नाहीच. १९३४ साली फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याचा खून झाला, त्यानंतर राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) १९३७ मध्ये दहशतवादाविरुद्ध करार केला. त्याला अंतिम मंजुरी दिली ती एकट्या हिंदुस्थानने, तीही ब्रिटिश अमलात. करार काही अमलात आला नाही. १९९६ मध्ये भारतानेच सर्वसमावेशक कराराचा मसुदा मांडला. परक्या सत्तेविरुद्ध लढणारे आणि देशोदेशीची सैन्यं व्याख्येत धरायची की नाहीत, यावर तो अडलाय. सुरक्षा परिषदेच्या २००१ च्या ठराव १३७३ ने सगळ्या देशांना दहशतवादाविरुद्ध कायदे करायला लावले, व्याख्या मात्र दिली नाही. त्यामुळे ज्याची त्याची व्याख्या. ब्रिटनचा २००० चा कायदा कृत्यामागे राजकीय, धार्मिक, वांशिक किंवा वैचारिक उद्देश मागतो. आपलं कलम १५ तसा उद्देश मागतच नाही.