जुन्या सागवानी तुळया उलट्या करून टाकाव्यात का?

करवतकाठी: पाडकामातल्या सहा तुळया आहेत, 100 × 200 मिमी, लांबी 3.4 मीटर. 3 मीटरच्या गाळ्यावर पोटमाळ्यासाठी टाकायच्या आहेत. वरच्या अंगाला कड्यांच्या (तुळयांवर आडव्या बसणाऱ्या लाकडांच्या) 60 मिमी खोल खाचा आहेत, मधोमध 10-12 मिमी बाक आलाय. उलट्या टाकल्या तर बाक वर जाईल. चालेल का?

ओळंबा: नको! खाचा खाली येतील आणि खालचं अंग ताणात असतं. तिथे खाचेच्या कोपऱ्यातून तंतूंच्या दिशेने चीर धावते. ठोकळा चिकटवला तरी सांधा उघडतोच. वरचं अंग दाबात असतं, तिथे घट्ट बसवलेला सागवानी ठोकळा थोडं तरी काम करतो. हिशेबात मात्र तो धरू नका, उंची 140 मिमीच घ्या. ताकद उंचीच्या वर्गाने बदलते, म्हणजे 0.7 × 0.7 = 49 टक्के उरली. तेवढ्यात भागत नसेल तर तुळया जवळजवळ टाका. बाक कड्यांखाली पट्ट्या देऊन काढा. लांबीतल्या वाळल्याच्या चिरांना सहसा घाबरायचं कारण नाही, टोकाशी आरपार गेलेल्या सोडून.

खिळेफाड: हिशेबाआधी टोकं बघा. भिंतीतला भाग बाहेरून ठणठणीत आणि आत भुसा, असं फार वेळा निघतं. हातोडीचा आवाज बद आला तर 4 मिमी ड्रिल घाला. मध्येच विरोध संपला की तिथे पोकळ. दोन्हीकडे 100 मिमी टेकण धरलं तर प्रत्येक टोकाचे 100 मिमीच कापता येतात. कूज त्यापुढे असेल तर ती तुळई लहान गाळ्याला वापरा. रंधा मारण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. मोडलेला खिळा पात्याचं वाटोळं करतो. जुना रंग असेल तर घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

करवतकाठी: भार ठेवून तपासता येईल का?

ओळंबा: येईल. जशी बसणार तशीच, 3 मीटरवर टेकवा, मध्यावर 200 किलो ठेवा, खाली डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक). लवचिकता गुणांक (लाकूड किती ताठ आहे त्याचं माप) 10,000 न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर बिनखाचेची तुळई सुमारे 1.7 मिमी लवते. खाचांमुळे तुमची थोडी जास्त लवेल. सहापैकी एखादी इतरांपेक्षा बरीच जास्त लवली तर ती बाजूला काढा. मध्याखाली 20 मिमी अंतर सोडून आधार ठेवा. पण यातून ताठपणा कळतो. गाठीपाशी कुठे तुटेल ते कळत नाही, त्यामुळे लांबीच्या मधल्या एक-तृतीयांश भागात खालच्या कडेला मोठी गाठ असेल तर चाचणीत पास झालेली तुळईसुद्धा घेऊ नका.