धरमतरचा ड्राफ्ट सर्व्हे आणि यार्डातला ढीग

प्रश्न असा आहे की धरमतर बंदरात उतरवलेल्या कोळशाचा ड्राफ्ट सर्व्हेचा (जहाज पाण्यात किती बुडालंय यावरून मालाचं वजन काढण्याचा) आकडा डोळवीच्या पोलाद कारखान्याच्या यार्डातल्या ढिगाशी का जुळत नाही. माझ्या मते आधी पाण्याची घनता तपासा. अंबा नदीची खाडी आहे ती. पावसाळ्यात गोडं पाणी उतरलं की भरती-ओहोटीनुसार घनता बदलत राहते. जहाज किती बुडालं की वजन किती, हे सांगणारे जहाजाचे तक्ते १.०२५ घनतेवर (समुद्राच्या पाण्याच्या) बनवलेले असतात. ८,००० टन विस्थापनाला (मालासकट जहाजाच्या एकूण वजनाला) ०.००५ ची चूक म्हणजे जवळपास ३९ टनांचा फरक! म्हणून ड्राफ्ट (जहाज किती खोल बुडालंय तो आकडा) वाचतानाच, वरून, मधून आणि तळातून पाण्याचा नमुना घ्या, बादली बाजूला ठेवून तासाभराने मोजू नका.

ड्राफ्ट सहाही ठिकाणी वाचावा: पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी. सरासरी काढताना पुढचा अधिक मागचा अधिक मधल्याची सहापट, भागिले आठ. जहाजाचा बाक (लांबीत आलेला वाकडेपणा) त्यातच धरला जातो. लाटांमुळे आकडा खालीवर होत असेल तर घाई नको, नळी लावून वाचा. बॅलास्ट टाक्यांचं (तोल राखायला पाणी भरतात त्या) साउंडिंग, म्हणजे आतल्या पाण्याची खोली, माल उतरवण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा घ्या, 'रिकामी आहे' या शब्दावर विसंबू नका.

ढिगाचं म्हणाल तर ड्रोन आकारमान देतो, वजन नाही. ढिगाखालच्या जमिनीचा सर्व्हे माल टाकण्याआधी झाला नसेल, तर जमिनीत दबलेला कोळसा मोजणीतून सुटतो. आणि डोझर फिरलेला भाग सैल भागापेक्षा बराच घट्ट असतो, त्यामुळे एकच घनता सगळ्या ढिगाला लावणं चूकच. पावसात भिजलेल्या मालाची ओल जहाजावर आणि ढिगात, दोन्हीकडे वेगळी मोजा.